कॅन्सर हॉस्पिटलला रिसर्चसाठी पैसे द्यायचेत, मशीनसाठी नाही. नागपुरात कसं करावं?

इतवारी_भांडारवाला
नमस्कार मंडळी. आमचा घरचा छोटासा ट्रस्ट आहे, धर्मादाय आयुक्तांकडे रजिस्टर्ड, आतापर्यंत शाळेच्या वह्या, पाणपोई, एखाद्या पोराची फी असलंच करत आलो. मोठ्या काकू ब्रेस्ट कॅन्सरनं गेल्या, त्यांच्या नावानं काही मोठं करावं असं सगळ्यांचं ठरलं आणि ४० लाखांच्या आसपास जमतील असं दिसते. एका हॉस्पिटलात बोलणं केलं तर त्यांनी सरळ मशीनचं कोटेशन हातात दिलं. न्यू जर्सीतली चुलत बहीण म्हणते की मशीन काही वर्षांत जुनी होते, तिकडे लोक कॅन्सर सेंटरच्या रिसर्च प्रोग्रामलाच पैसे देतात, तीही काही घालायला तयार आहे. आता आम्ही कापडाचे व्यापारी, आम्हाला रिसर्च प्रोग्राम म्हणजे नेमकं काय असते तेच माहीत नाही. आपल्याकडे तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याचं एनसीआय (नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट) आहे, सरकारी मेडिकल कॉलेज आहे, मिहानचं एम्स आहे, यातल्या कोणाकडे जाऊन काय मागायचं कळून नाही राहिलं. ४० लाखांत रिसर्च होते तरी का? जाणकारांनी सांगा, गंमत करू नका.

खामल्याचा_पक्या
भाऊ काहून पैसे पाण्यात घालता. रिसर्च अमेरिकेतल्या कंपन्या करतात, त्यांच्या एका औषधाचा खर्च आपल्या महानगरपालिकेच्या बजेटपेक्षा जास्त असन. त्यापेक्षा गडचिरोली-बालाघाटचे लोक हॉस्पिटलच्या बाहेर चटई टाकून झोपून राहिले त्यांच्या राहण्या-जेवणाचं पाहा, डोळ्याला दिसते तरी.

स्लाइडवाली
पक्याभाऊ, राहण्याची सोय पाहिजेच, त्यावर वाद नाही. पण रिसर्च म्हणजे कंपनीचं महाग औषध एवढंच डोक्यात असन तर ते काढा.

मी पॅथॉलॉजीत आहे, कुठं ते विचारू नका. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवेंच्या टीमनं एक ट्रायल केली, ऑपरेशनच्या आधी सात ते दहा मिनिटं गाठीच्या भोवती लिडोकेन टोचायचं, तेच लिडोकेन जे दातवाले डॉक्टर बधिर करायला हिरडीत देतात. देशातली ११ सेंटर, जवळपास १६०० बायका, निम्म्यांना टोचलं, निम्म्यांना नाही. पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण टोचलेल्यांत ९०.१ टक्के आणि न टोचलेल्यांत ८६.४ टक्के. २०२३ मध्ये जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजीत छापून आलं. आता सांगा, लिडोकेनसारख्या किरकोळ औषधावर कोणती कंपनी पैसे लावणार? त्यात तिला मिळणार काय? तो पैसा अणुऊर्जा खात्याचा होता, कारण टाटा मेमोरियल १९६२ पासून त्याच खात्याकडे आहे. म्हणजे ज्या प्रश्नाच्या उत्तरातून कोणाला नफा होत नाही तो प्रश्न सरकारनं नाहीतर तुमच्यासारख्या ट्रस्टनंच विचारायचा असते.

आणि त्या ट्रायलचा खर्च औषधावर कितीसा झाला असन, सगळा जोर लागतो तो एवढ्या बायकांचा वर्षानुवर्षं पत्ता ठेवण्यात.

आता आमच्याकडचं सांगते. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, गाठ निघाली की तासाभराच्या आत ती फॉर्मॅलिनमध्ये (गाठ खराब होऊ न देणारं द्रावण) पडायला पाहिजे, आणि अख्खं स्तन काढलं असन तर तसंच डब्यात टाकून चालत नाही, सुरीनं काप द्यावे लागतात, नाहीतर फॉर्मॅलिन आतपर्यंत पोचतच नाही. मग कमीत कमी ६ तास, जास्तीत जास्त ७२ तास, त्यानंतर तुकडा पॅराफिनच्या मेणात बसवून ब्लॉक बनते. हे बिघडलं तर ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का) आणि हर-टू (गाठीत त्या नावाचं प्रोटीन जास्त आहे का) या तिन्ही टेस्टवर भरवसा राहत नाही, आणि बाईला कोणती ट्रीटमेंट द्यायची ते बरंचसं याच तीन टेस्टवर ठरते. आता नागपूरचा मे महिना डोळ्यापुढं आणा, ४५ डिग्री, डबा ओटीबाहेर ट्रॉलीवर, वॉर्डबॉय दुसऱ्या कामाला पळाला, शनिवार संध्याकाळ. डब्यावर नाव, नंबर सगळं असते, फक्त गाठ किती वाजता निघाली आणि फॉर्मॅलिनमध्ये किती वाजता पडली या दोन वेळा कोणी लिहीत नाही. त्या दोन वेळा लिहिणारा आणि लिहायला लावणारा एक माणूस पगारावर असला ना, तर तिथून रिसर्च प्रोग्राम सुरू होतो. खरं सांगते, चकचकीत लॅब नंतर.

एक इशारा. देणगीदारांना उणे ८० डिग्रीचा फ्रीजर द्यायला फार आवडते. एका ठिकाणी मी असा फ्रीजर पाहिला, उद्घाटन झालं, फोटो झाले, आणि तो जनरेटरच्या लाइनवर जोडलेलाच नव्हता. उन्हाळ्यात एका रात्री लाइट गेली, सकाळी आतलं सगळं वितळलेलं. त्यापेक्षा पॅराफिनचे ब्लॉक बरे, साध्या कपाटात वर्षानुवर्षं राहतात, त्यातून नंतर बऱ्याच टेस्ट करता येतात. कपाटाला कुलूप आणि रजिस्टर नीट पाहिजे बस्स.

परदेशी_वऱ्हाडीण
मीच ती न्यू जर्सीवाली बहीण 🙂 दादानं लिंक पाठवली. स्लाइडवाली ताई, तुमचं वाचून अंगावर काटा आला.

मी दादाला जे सांगत होते ते असं की इकडे ब्रेस्ट कॅन्सरच्या रिसर्चला पैसा काही आपोआप नाही आला. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचे डॉ. डेनिस स्लेमन हर-टू वर काम करत होते, औषध कंपनीचा उत्साह मधेच ओसरला होता, तेव्हा १९९० च्या आसपास लिपस्टिकवाली रेव्हलॉन कंपनी पुढे आली आणि तिनं त्यांच्या प्रोग्रामला सुमारे २४ लाख डॉलर दिले. त्यात असं नव्हतं की अमुक मशीन घ्या, काम चालू ठेवा म्हणून दिले. १९९८ ला हर-टू वरचं औषध हर्सेप्टिन मंजूर झालं. ब्रेस्ट कॅन्सरच्या दर शंभरात साधारण १५ ते २० बायकांची गाठ हर-टू पॉझिटिव्ह असते, त्यांच्यासाठी ते औषध म्हणजे सगळंच बदललं. आता तर बायोकॉननं त्याचंच बायोसिमिलर, म्हणजे त्याच्याशी मिळतंजुळतं औषध, भारतात आणलंय, २०१४ पासून मिळते.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. १९९१ मध्ये पेशंट बायकांच्या संघटनांनी सरकारला सहा लाखांवर पत्रं पाठवली, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेच्या संसदेनं चक्क लष्कराच्या बजेटमधून २१ कोटी डॉलर ब्रेस्ट कॅन्सरच्या रिसर्चला काढून दिले. तो प्रोग्राम अजून चालू आहे. आणि पैसे कोणत्या प्रोजेक्टला द्यायचे ते ठरवणाऱ्या पॅनेलवर सायंटिस्ट लोकांबरोबर ब्रेस्ट कॅन्सरमधून गेलेल्या बायका बसतात, मत देतात, मार्क देतात.

मानेवाडा_ताई
बसवा मग मलाही पॅनेलवर 😄

माझं ऑपरेशन, केमो, किरणं सगळं झालं, महात्मा फुले योजनेत बसलं म्हणून बसलं, नाहीतर आमच्याच्यानं झालं नसतं. पण रिसर्चवाल्यांनी एक पाहावं. ट्रीटमेंट चालू असताना एक मुलगी फॉर्म घेऊन आली होती, सही घेतली, म्हणाली ताई तुम्हाला फोन करत राहू. त्यानंतर कोणाचा फोन नाही. नंतर कळलं प्रोजेक्ट संपला आणि ती मुलगी सोडून गेली. माझ्याबरोबर केमोला बसायची ती गोंदियाकडची बाई, तिचा फोन नवऱ्याकडे, नवरा हैदराबादला कामावर, सिम बदललं की संपलं. तिला जिवंत धरतील का मेलेली, सांगा तुम्ही? आणि बोलवायचं तर बसचं भाडं, बरोबर येणाऱ्याची मजुरी बुडते ती, हे कोण देणार. फोन करणारी बाई आमच्यातली असावी, वऱ्हाडी-हिंदी बोलणारी, झाडीपट्टीतली असली तर अजून चांगलं. इंग्रजी फॉर्म वाचून दाखवणारी नको.

खामल्याचा_पक्या
हे मात्र पटलं ताई. म्हणजे रिसर्चचे पैसे पण शेवटी बसच्या भाड्यातच जातात की.

सीए_धंतोली
इतवारीवाले भाऊ, भावना ठीक आहे पण कागद आधी पाहा, नाहीतर मार्चमध्ये माझ्यासारख्याच्या डोक्याला ताप.

तुमचा ट्रस्ट दुसऱ्या ट्रस्टला, म्हणजे हॉस्पिटल चालवणाऱ्या संस्थेला देणगी देईल तर आता त्यातली ८५ टक्के रक्कमच तुमचा खर्च म्हणून धरतात, आणि कॉर्पस, म्हणजे कायमचा निधी, म्हणून दिली तर तेही नाही. त्यामुळे "आम्ही ४० लाख कॉर्पस देतो, व्याजातून पगार द्या" हा विचार असन तर थांबा. त्यापेक्षा पैसे तुमच्याकडेच ठेवून वर्षाला कराराप्रमाणे द्या, फक्त जमवून ठेवण्याचा फॉर्म आयकर खात्याकडे वेळेत भरा, आयत्या वेळी नाही. हॉस्पिटलकडे बारा-ए आणि ऐंशी-जी या करसवलतीच्या नोंदण्या आहेत का ते पाहा. प्रायव्हेट किंवा ट्रस्टचं हॉस्पिटल असन तर केंद्राच्या डीएसआयआर खात्याची सायरो, म्हणजे रिसर्च करणारी संस्था म्हणून, मान्यता आहे का तेही विचारा, कारण पुढे केंद्राचा पैसा मागायचा तर ती बहुतेक ठिकाणी लागतेच.

कोणी कंपनीचा सीएसआर (कंपन्यांनी समाजकामाला द्यायचा पैसा) आणून देतो म्हणत असन तर त्यातली गोम अशी की कायद्यात रिसर्चच्या नावाखाली सीएसआर जातो तो सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांना, बाकीच्यांना आरोग्य या नावाखाली बसवावा लागतो. म्हणून कंपन्या व्हॅन, मशीन, शिबिर यावरच खूश असतात.

आणि बहिणीचा पासपोर्ट कोणता?

इतवारी_भांडारवाला
अमेरिकन. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) आहे.

सीए_धंतोली
मग ती विदेशी देणगी झाली, ओसीआय असलं तरी. तुमच्या ट्रस्टला एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी घ्यायची नोंदणी, नसन तर एक डॉलरही घेऊ नका. आणि असता तरी २०२० पासून एकानं घेऊन दुसऱ्याला द्यायला बंदी आहे. बहिणीनं थेट अशा हॉस्पिटलला द्यावे ज्याच्याकडे एफसीआरए आहे, दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या त्यांच्या खात्यात. भारतीय पासपोर्ट असता तर प्रश्नच नव्हता.

परदेशी_वऱ्हाडीण
बापरे. बरं झालं विचारलं, मी तर पुढच्या महिन्यात पाठवणारच होते.

प्रोटोकॉलवाला
उशिरा आलो, क्लिनिकल रिसर्चमध्ये कोऑर्डिनेटर म्हणून बरीच वर्षं घासलीत म्हणून लिहितो.

४० लाखांत काय होते त्याचा हिशेब. एक कोऑर्डिनेटर आणि एक डेटावाली, दोघांचे मिळून महिन्याला ७० हजार धरा (सरकारी जेआरएफला, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोलाच, २०२३ पासून ३७ हजार आणि वर घरभाडं मिळते, त्याहून फारच कमी द्याल तर पोरगं सहा महिन्यांत पुण्याला पळते). वर्षाचे ८ लाख ४० हजार. स्टॅटिस्टिक्सवाल्याचे तास, पेशंटच्या जाण्या-येण्याचे पैसे, फोन मिळून दोनेक लाख. म्हणजे तुमच्या पैशात ओढूनताणून चार वर्षं निघतात. या चार वर्षांत नवीन औषध नाही निघणार, कोणी तसं म्हणत असन तर उठून या. पण विदर्भातल्या काही शे बायकांचा नीट डेटा, ब्लॉकसकट, फॉलोअपसकट तयार होईल, आणि तो हातात असला की डॉक्टर आयसीएमआरकडे (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) मोठा प्रोजेक्ट मागू शकतात. आज अडते तिथंच. मोठी ग्रँट मागायला आधीचं काम दाखवावं लागते आणि आधीच्या कामाला कोणी पैसे देत नाही. तुमचे ४० लाख या फटीत बसतात.

नागपुरात कॅन्सर रजिस्ट्री, म्हणजे शहरातल्या कॅन्सरच्या केसेसची नोंद, १९८० पासून आहे, ही आपली जमेची बाजू. पण रजिस्ट्री केस मोजते, बाईला कोणती केमो मिळाली, मधेच का सोडली हे सगळं तिच्यात नसते, ते हॉस्पिटललाच करावं लागते.

आणि धीर पाहिजे. मुंबईत टाटाच्या लोकांनी १९९८ मध्ये वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांवर एक स्टडी सुरू केला, वस्त्या दोन गटांत वाटून घेतल्या, निम्म्या बायकांना ट्रेनिंग घेतलेल्या साध्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं तपासायच्या, मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) नाहीच. निकाल छापून आला २०२१ ला. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी, पन्नाशीच्या आत फरक नाही. म्हणजे मशीनशिवायही काम होते, आणि कोणासाठी होते, कोणासाठी नाही, तेही कळलं. त्याला सुरुवातीचा पैसा अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटचा होता. वीस वर्षं कोणी तरी पैसे देत राहिलं म्हणून झालं हो.

कुठल्या हॉस्पिटलला द्यावे हे मी नाही सांगणार, चारही ठिकाणी जा. जाऊन विचारायचं ते एवढंच की ब्रेस्टचं काम पाहणारा नेमका डॉक्टर कोण आणि त्याला आठवड्यात रिसर्चसाठी मोकळा वेळ देता का. इथं हॉस्पिटलवाले अडखळले तर समजून जा, कारण ओपीडीत रोज शंभर पेशंट पाहून रात्री अकराला रिसर्च करा म्हणणं म्हणजे न करा म्हणणंच आहे. एथिक्स कमिटी रजिस्टर्ड आहे का पाहा. नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये (देशातल्या कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं) हॉस्पिटल असन तर डॉक्टरला टाटावाल्यांच्या क्रेडो वर्कशॉपला अर्ज करायला लावा, तिथं सहा दिवस बसवून प्रोटोकॉल, म्हणजे स्टडीचा आराखडा, घासूनपुसून देतात, कच्ची आयडिया घेऊन गेलेला माणूस पक्कं काही घेऊन येतो.

इतवारी_भांडारवाला
एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं, खरंच आभार. काकांना रात्री वाचून दाखवलं, त्यांचा एकच प्रश्न, डॉक्टर मधेच सोडून दुसरीकडे गेला तर आमच्या पैशाचं काय?

प्रोटोकॉलवाला
जातोच, धरून चाला. म्हणून करार डॉक्टरशी नाही, हॉस्पिटलशी करा. डेटा आणि ब्लॉक हॉस्पिटलकडे राहतील आणि दुसरा जबाबदार डॉक्टर पहिल्या दिवसापासून कागदावर असन, हे त्यात लिहून घ्या. हप्ता सहा महिन्यांनी द्या, आणि हप्त्याआधी एकच कागद मागा: किती बायका घेतल्या, त्यातल्या किती जणींशी या सहा महिन्यांत प्रत्यक्ष बोलणं झालं. दुसरा आकडा खाली जायला लागला की पैसे बंद नका करू, जाऊन बसा आणि विचारा काय अडून राहिलं. नव्वद टक्के वेळा पगार अडलेला असते. आणि मानेवाडा ताईंसारख्या एक-दोघींना त्या मीटिंगला घेऊन जा, त्या डॉक्टरला जे विचारतील ते तुम्हाला आणि मला सुचणार नाही.

मानेवाडा_ताई
मी येते. रविवार सोडून कधीही.