किनवटच्या सागवानाला कुऱ्हाड लावायची का नाही?

पैनगंगाकाठ:
किनवट तालुक्यातल्या आमच्या गावात परवा ग्रामसभा झाली. विषय एकच, कूपातली, म्हणजे वनखात्यानं तोडीसाठी आखलेल्या पट्ट्यातली, सागवान तोड. "एकही झाड तोडू देणार नाही" असा ठराव टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर. मी हात वर केला नाही, तर घरी येईपर्यंत शिव्या खाल्ल्या. म्हणून इथं लिहायलो.

लातूर जिल्ह्यात जंगल १ टक्कासुद्धा भरत नाही. मराठवाड्यात सागाचं रान म्हणावं असं जे काही उरलंय, ते बहुतेक किनवट-माहूरकडं. ते टिकावं याबद्दल वादच नाही. पण तोड बंद केली की ते टिकतं का? रानात जाऊन खुंट बघा. कूपातला खुंट जमिनीलगत कापलेला, वरून थोडा उतार दिलेला, त्यावर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का. पाणी साचत नाही, बुडातून फुटवे येतात. त्यातला एक सरळ ठेवून बाकीचे काढले की तेच पुढचं झाड. चोराचा खुंट गुडघ्याएवढा, वरून पाला लोटलेला. त्याला फुटवा येतो तोही उंचावर, आणि वादळवाऱ्यात तो खांद्यातून फाटतो. आमच्या शिवेला हे दुसरे खुंटच जास्त दिसायलेत. त्या चोराला कोणता ठराव आडवा गेला?

आणि कूप म्हणजे मोकाट तोड नव्हे. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून केंद्रानं मंजूर केलेल्या कार्य आयोजनेशिवाय, म्हणजे जंगलाच्या कामाच्या आराखड्याशिवाय, सरकारी जंगलात तोड करता येत नाही.

मोहाचं झाड:
आयोजना मीही वाचलीय भाऊ. त्यात ओढ्याकाठची झाडं सोडा, जास्त उताराला हात लावू नका असं छान लिहिलेलं असतं. आमच्याकडं झाडं सोडली, खरंय. पण ठेकेदाराचा ट्रॅक्टर ओंडके घेऊन त्याच ओढ्यातून महिनाभर गेला. चाकोरी गुडघाभर झाली. मृगाच्या पहिल्या पावसात त्या चाकोरीनं सगळी माती खाली उतरली आणि ओढ्याकाठच्या आमच्या विहिरीचं पाणी आठ दिवस चहासारखं होतं. हे कोणत्या पानावर लिहिलंय?

दुसरं, तुम्हाला फक्त साग दिसतो. मोह, चारोळी, धावडा यांचा घेर कोण मोजतं? आमची आजी धावड्याच्या डिंकावर दिवाळीचं लुगडं घ्यायची.

रंधा (नांदेड):
मी सुतार. गिऱ्हाईक म्हणतं चौकट सागवानाचीच पाहिजे. म्यानमारनं २०१४ पासून गोल लाकूड बाहेर देणं बंद केलं. आता बाजारात घाना, इक्वेडोरचा माल. कोवळा, पांढरा भाग जास्त, रंधा मारला की कळतं. दोनशे किलोमीटरच्या आत साग उभा असताना समुद्रापलीकडून आणायचा, हे मला पटत नाही.

मोहाचं झाड:
मग शेताच्या बांधावर लावा ना साग. कोण अडवलंय?

रंधा (नांदेड):
बांधावरचा साग चौकटीला यायला माझा नातू म्हातारा होईल.

जुना बीटवाला:
३१ वर्षं वनरक्षक होतो. दोघांचंही अर्धं अर्धं खरं. तोड वेळेवर होते कारण त्यात पैसा येतो. पण तोडीनंतरचं काम, म्हणजे फुटवे विरळ करणं, चराई बंद ठेवणं, वणवा अडवायला जाळरेषा काढणं, ते तिसऱ्या वर्षापर्यंत कोणाच्याच लक्षात राहत नाही. बकऱ्यांनी शेंडा खाल्लेला फुटवा म्हणजे झुडूप, त्याचा ओंडका कधी होत नाही.

आणि मोहवाल्या, राग मानू नको. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, त्यातून वणवा किती वेळा गेला ते मी पायानं मोजलंय.

मोहाचं झाड:
पेटवणारे आहेत, नाही म्हणत नाही. आमच्या घरात पाला पेटवत नाहीत, झाडून घेतात.

पोडावरचा:
मी कोलाम आदिवासी, पोडावर म्हणजे आमच्या वस्तीवर राहतो. तोडा म्हणणारे आम्हाला मजूर धरायलेत, तोडू नका म्हणणारे राखणदार. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनउपजात, म्हणजे गावाला गोळा करून विकता येणाऱ्या रानमालात, आला, म्हणून तर गडचिरोलीच्या मेंढा-लेखानं आपला बांबू स्वतः विकून दाखवला. सागवान मात्र त्या यादीत नाही. वणवा लागला की हिरव्या फांद्या घेऊन आम्हीच पळायचं, आणि डेपोत लिलाव होतो तेव्हा फाटकाबाहेर उभं राहायचं. ठरावात याचा एक शब्द होता का?

पैनगंगाकाठ:
नव्हता. माझ्याही लिहिण्यात नव्हता, तेवढं चुकलं. तोडीच्या उत्पन्नात गावाचा वाटा आणि त्यातूनच तीन वर्षं फुटव्यांची राखण, असा ठराव आणा, दोन्ही हात वर करतो. "एकही झाड नाही" याला मात्र अजूनही नाही.

मोहाचं झाड:
आधी ओढ्यातली चाकोरी बुजवून द्या. मग हात मोजू.