गेमच्या लाइव्हवर नाशिकच्या चिवड्याची जाहिरात: पैसे लावावेत की नाही?

चिवडेवाला, रविवार कारंजा
रविवार कारंजाच्या मागच्या गल्लीत आमचा चिवड्याचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे दोन भट्ट्या, चार बायका आणि बाबा. आजवरची जाहिरात काय, तर दिवाळीआधी पेपरात टाकलेली पत्रकं आणि रिक्षांच्या मागच्या पाट्या. यंदा बाबांशी भांडून 6,000 रुपये वेगळे काढले आणि सिडकोतल्या एका पोराला दिले. तो रोज रात्री यूट्यूबवर लाइव्ह बीजीएमआय, म्हणजे पबजीचा भारतातला अवतार असलेला मोबाईल गेम, खेळतो, मराठीत गप्पा मारत. एका वेळी दीडशे-दोनशे जण बघत असतात. चार रात्री ठरल्या.

पहिल्या रात्री दुकान बंद करून तीन तास मी स्वतः बघत बसलो. एक मॅच संपली. दुसरीची लॉबी भरेपर्यंत, म्हणजे खेळाडू जमेपर्यंत, त्याने पुडा फोडला, वाटीत ओतला, वरून कच्चा कांदा घातला, लिंबू पिळलं आणि खायला लागला. माइक तोंडाशीच, त्यामुळे कुरकुर सगळ्यांना ऐकू गेली. चॅटमध्ये एकाने विचारलं, "भावा, कोणता रे?" पिंपरीत नोकरीला असलेल्या सिन्नरच्या एका मुलाने लिहिलं, "आई दर वेळी पिशवीत घालून देते, या वेळी राहिला." पुढची वीस मिनिटं गेम बाजूलाच, कोणाच्या गावचा चिवडा तिखट यावर चॅट धावत होतं. पत्रक वाचून कोणी असं बोलल्याचं मला तरी आठवत नाही.

लाइव्हमध्ये दिलेला सवलतीचा कोड टाकून 41 ऑर्डरी आल्या, त्यातल्या 29 नाशिकबाहेरच्या. माझं मत स्पष्ट आहे: खाण्याचा माल विकणाऱ्या छोट्यांनी होर्डिंगच्या नादी न लागता इथे यावं. बाकीच्या जाहिराती लोक पाच सेकंदांत उडवतात, इथे माणूस त्या पोराच्या सोबतीला बसलेला असतो. तुम्हाला काय वाटतं?

हिशेबनीस, कॉलेज रोड
मला हे पटत नाही. 6,000 भागिले 41 म्हणजे ऑर्डरमागे 146 रुपये. कोडची सूट, फुकट दिलेले पुडे आणि कुरिअर अजून धरलेलंच नाही. अर्धा किलोच्या पुड्यात सगळं जाऊन तुम्हाला 50 रुपये सुटत असतील, तर प्रत्येक ऑर्डरला शंभराची खोट. "दीडशे-दोनशे जण" या आकड्यावरही फार विसंबू नका. मोबाईल चालू ठेवून झोपी गेलेलाही त्यात मोजला जातो. चॅट धावलं याचा आनंद मी समजू शकतो, पण चॅट गल्ल्यात पडत नाही.

गंगापूर रोडवरून
काका, ॲमेझॉनने 2014 साली ट्विच, म्हणजे गेमचे लाइव्ह दाखवणारी साइट, सुमारे 97 कोटी डॉलरला घेतली ती उगाच का? जिथे लोक तासन्‌तास बसतात तिथे बाजार येणारच.

हिशेबनीस, कॉलेज रोड
ॲमेझॉन दहा वर्षं वाट बघू शकतं. रविवार कारंजावरच्या माणसाला पुढच्या सोमवारी शेंगदाणेवाल्याचे पैसे द्यायचे असतात.

चिवडेवाला, रविवार कारंजा
दादा, भागाकार बरोबर आहे. पण 41 पैकी 11 जणांनी महिन्याभरात कोडशिवाय पुन्हा मागवला, त्यांच्यासाठी वेगळा रुपया गेला नाही. शिवाय पत्रकांचा भागाकार आजवर कोणी केलाय? दर दिवाळीला गठ्ठेच्या गठ्ठे जायचे. त्यातून किती गिऱ्हाइकं आली असं बाबांना विचारा, "येतात की" म्हणतील. इथे निदान खोट किती झाली ते तरी कळलं.

दोन मुलांची आई, नाशिकरोड
तुम्ही दोघं रुपयांवर बोलताय. बघणाऱ्यांचं वय कोणी विचारलं का?

माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. बीजीएमआयमध्ये अठराखालच्यांना खेळायला दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे. ती संपली की तो दुसऱ्याचा खेळ बघायला बसतो, बघायला मर्यादाच नाही. तुमच्या दीडशेत असे किती आहेत ते तुम्हाला माहीत नाही आणि त्या स्ट्रीमरलाही नाही. आवडत्या दादाने खाल्लं की माझ्या मुलाला ती जाहिरात वाटतच नाही. त्याला वाटतं दादाला खरंच भूक लागली. माझा आक्षेप नेमका त्यावर आहे. चिवडा वाईट नाही हो, आमच्याकडेही तुमच्याच भागातून येतो.

ग्राहक व्यवहार खात्याच्या जानेवारी 2023 च्या सूचना वाचा. लाइव्ह असेल तर "जाहिरात" हे संपूर्ण वेळ ठळक दिसलं पाहिजे, एकदा तोंडाने सांगून भागत नाही. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराखालच्या मुलांना हेरून जाहिरात करायला मनाई आहे. तुमचं प्रकरण त्यात बसत नसेलही, पण कायद्याला मुलांची काळजी का वाटली याचा विचार करा. तुमच्या चार रात्रींत पडद्यावर पट्टी होती का?

चिवडेवाला, रविवार कारंजा
नव्हती, ताई. सुरुवातीला तो एकदा बोलला होता, "आजचा स्ट्रीम यांच्यातर्फे." मला तेवढं पुरेसं वाटलं. चुकलं माझं.

पिंपळगावचा बेदाणेवाला
आमचं गिऱ्हाईक व्यापारी. तो पहाटे उठतो आणि रात्री दहाला झोपतो. आम्हाला याचा उपयोग नाही. अंबडला मशीनचे सुटे भाग बनवणाऱ्यांनीही या फंदात पडू नये.

मीही स्ट्रीमर, इंदिरानगर
मूळ पोस्टमधला मी नव्हे. सहा वर्षं झाली, आमची बाजूही ऐका.

2 सप्टेंबर 2020 ला पबजी मोबाईलवर बंदी आली, माझे बघणारे एका आठवड्यात पांगले. जुलै 2022 मध्ये बीजीएमआय ॲप स्टोअरवरून गेला, तो मे 2023 मध्ये परत आला. त्या दहा महिन्यांत ज्यांच्याकडे फक्त गेम होता ते संपले, ज्यांच्याकडे बोलणं होतं ते टिकले. म्हणून पैसे लावताना गेम बघू नका, माणूस बघा. तो मॅच हरल्यावर कसा बोलतो ते बघा, शिव्या देतो का ते बघा. तुमचं नाव त्याच्या तोंडून जाणार आहे.

दुसरं, माणसाला मोकळं सोडा. एका कंपनीने मला तासाला दहा वेळा नाव घ्यायला सांगितलं होतं. कागदावरून वाचायला लागलो की चॅटमध्ये "पैसे किती मिळाले?" एवढंच यायचं. तिसऱ्या रात्री निम्मे गेले. चिवडेवाल्यांनी त्या पोराला लॉबीत खाऊ दिलं, म्हणून ते जमलं.

आता ताईंसाठी. आमच्यासारख्यांना सगळ्यात जास्त पैसे, पैसे लावून खेळायच्या गेमवाले द्यायचे. मी एकदा घेतले. बघणाऱ्यांपैकी एका अकरावीतल्या मुलाने फीचे पैसे त्यात घालवल्याचं मला मेसेज करून सांगितलं. तो मेसेज मी अजून पुसलेला नाही. ऑगस्ट 2025 च्या कायद्याने त्या गेमची जाहिरातच बंद केली, दोन वर्षांपर्यंत कैद, 50 लाखांपर्यंत दंड. ते गेले ते चांगलंच झालं. पण महिन्याचं भाडं आहेच, आणि त्या जागी चिवडेवाला येत असेल तर मला तो हजार पटीने बरा वाटतो.

दोन मुलांची आई, नाशिकरोड
तुम्ही हे उघड लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पण जुगारापेक्षा बरं म्हणजे मुलांसाठी योग्य, असं मी मानणार नाही. पट्टी लावा, आणि कोडची सूट बंद करा. "आजच मागवा, दहा टक्के कमी" हे मुलांना चटकन पकडतं. माझ्या मुलाने माझ्या फोनवरून अशाच एका कोडने दोन ऑर्डरी केल्या होत्या.

चिवडेवाला, रविवार कारंजा
पट्टी आजच्या स्ट्रीमपासून लागेल, त्याच्याशी बोलणं झालंय. "सशुल्क जाहिरात" असं मराठीत, कोपऱ्यात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. दिवाळीआधी पुन्हा चार रात्री देणार, त्यावर मी ठाम आहे. सूट बंद करण्याचं मात्र अडतंय. सूट काढली तर कोड कोण टाकेल? आणि कोड नसेल तर हिशेबनीस दादांना आकडे कुठून देऊ?

हिशेबनीस, कॉलेज रोड
ऑर्डरच्या पानावर एक ओळ टाका, "आमचं नाव कुठे ऐकलंत?" निम्मे तरी भरतील. आणि जे 11 परत आले त्यांना फोन करून विचारा, चिवडा कोणी खाल्ला आणि पैसे कोणी दिले. त्यात ताईंच्या प्रश्नाचंही उत्तर मिळेल.