हरवलेल्या पोथीवरची रहस्यकथा: पोथी शेवटी सापडायलाच हवी का?

शाईदौत:
खून नाही, रक्तपात नाही, छोटं गाव, ओळखीची माणसं आणि मधोमध एक कोडं, असल्या निवांत रहस्यकथा मला प्रचंड आवडतात आणि मराठीत त्यांच्यासाठी हरवलेल्या पोथीइतका चांगला विषय नाही असं माझं ठाम मत आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या ज्ञानेश्वरीचंच घ्या ना. बीडच्या पाटांगणात त्यांना पोथी मिळाली, एकनाथांनी शुद्ध करण्याच्या आधीची म्हणून 1909 मध्ये त्यांनी ती छापली, आणि आज पुस्तक आहे पण पोथी नाही. राजवाड्यांनी वाचलं ते बरोबर वाचलं का हे ताडून बघायची सोयच उरली नाही. यापेक्षा तयार प्लॉट तो काय! फक्त शेवटी पोथी सापडलीच पाहिजे. वाचक एवढी पानं आपल्यासोबत चाललाय, त्याला रिकाम्या हाताने घरी पाठवायचं नाही.

रिद्धपूरची लेक:
अजिबात नाही पटलं. अशा कथेत पोथी म्हणजे पुरलेला हंडा होऊन बसते, सापडला की संपलं. लीळाचरित्राचं काय झालं ते बघा. म्हाइंभटांनी माणसामाणसाला गाठून महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या, रिद्धपूरला बसून लिहून काढल्या, पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत ती मूळ प्रत गेली. मग ज्यांना जसं पाठ होतं तसं त्यांनी परत लिहिलं, हिराइसेसारख्या बाईच्या आठवणीतून ग्रंथाचा एक अख्खा पाठ, म्हणजे मजकुराचं एक वेगळं रूप, उभा राहिला! म्हणून आज पाठभेद आहेत. मूळ पोथी सापडलीच तर या सगळ्या माणसांनी जे सांभाळलं ते काय खोटं ठरवणार? न सापडणारी पोथी हीच खरी गोष्ट आहे, आणि ती मराठीतच घडलीये.

शाईदौत:
ताई, खोटं कशाला ठरेल, उलट कोणाला किती अचूक आठवत होतं ते कळेल. शोधाने श्रद्धा कमी होते हे मला मान्य नाही. सकळ लिपीत, म्हणजे महानुभावांच्या सांकेतिक लिपीत, बंद असलेलं त्यांचं वाङ्मय राजवाडे आणि वि. ल. भाव्यांसारख्या संशोधकांनी उकललं नसतं तर मी पंथाबाहेरचा माणूस लीळाचरित्र वाचूच शकलो नसतो.

गणिताचा मास्तर:
सापडली की नाही यापेक्षा कशी सापडली ते महत्त्वाचं, आणि तिथेच बहुतेक लेखक आळस करतात, भिंतीत कप्पा निघतो, म्हाताऱ्या आजी मरताना कानात सांगतात वगैरे. पोथीतच केवढे क्लू असतात! एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली त्याची ओवी आहे, शके 1506, तारण संवत्सर. संवत्सर म्हणजे साठ नावांच्या चक्रातलं त्या वर्षाचं नाव, ते शकावरून काढता येतं. आता 1506 मध्ये 12 मिळवा, 1518, त्याला 60 ने भागा, बाकी 18, आणि संवत्सरांच्या यादीत अठरावं नाव तारणच. जुळलं. समजा कोणी जुनी म्हणून विकायला आणलेल्या पोथीत शक एक आणि संवत्सर भलतंच निघालं तर? तपास तिथून सुरू होतो, कागद-पेन्सिल घेऊन वाचकही करू शकतो. तसंच हरताळ. चुकलेल्या अक्षरावर पोथी लिहिणारे हरताळ नावाचा पिवळा रंग लावायचे, पान उजेडाकडे तिरकं धरलं तर कधीकधी खालचं अक्षर दिसतं. नक्कल करणाऱ्याने आधी काय लिहिलं होतं आणि का बदललं, यावर अख्खं प्रकरण होईल.

रिद्धपूरची लेक:
हे मात्र आवडलं, पण विकायला आणलेली हा शब्द तुम्ही सहज लिहून गेलात. माझा मुद्दा तोच आहे. आमच्या नात्यातल्या एका घरी देव्हाऱ्याशेजारी लाल कापडात पोथ्या आहेत, दर पावसाळ्यानंतर ऊन दाखवतात, कसर बघतात. गोष्टी वाचून उद्या कोणी 'शोध' घ्यायला दारात आला तर? 75 वर्षांवरचं असं हस्तलिखित कायद्याने पुरावस्तू आहे, परदेशात नेता येत नाही, तरी डीलर फिरतातच. तुमच्या कथेतला नायक पोथी हातात घेतो तेव्हा ती कोणाची असते, हे एकाही लेखकाला विचारावंसं वाटत नाही.

शाईदौत:
मग तोच नियम ठेवू. पोथी सापडेल पण घराबाहेर जाणार नाही, नायक तिथेच बसून फोटो काढेल आणि घरातली माणसंच पानं उलटतील. मूळ ज्ञानेश्वरी, ज्ञानेश्वरांचे लेखनिक सच्चिदानंदबाबांच्या हातची, शके 1212 ची, अशी कोणाच्या देव्हाऱ्यात निघाली तर मला तेवढंही पुरे.

रिद्धपूरची लेक:
आणि घरातले नाही म्हणाले तर?

शाईदौत:
तर नायकाने परत परत जावं. मी तरी गेलो असतो.

रिद्धपूरची लेक:
मी दार उघडलं नसतं.