सिस्टर सिटी: खरी मैत्री की महापौरांची सहल?

जुनाजाणता:
नागासाकी आणि अमेरिकेतलं सेंट पॉल यांच्यातल्या सिस्टर सिटी कराराबद्दल (दोन देशांतल्या शहरांनी अधिकृत मैत्री जोडायची, तो करार) वाचत होतो. ७ डिसेंबर १९५५ चा, अमेरिका-जपानमधला पहिला म्हणे. माझं स्पष्ट मत, हे सगळं शिष्टमंडळं, हारतुरे आणि फोटो. नागासाकीत १५७१ पासून पोर्तुगीज जहाजं यायची आणि सेंट पॉल पार आत मिसिसिपीच्या काठावर, समुद्राचा पत्ता नाही. यांचं एकमेकांशी देणंघेणं काय?

दर्यावर्दी:
अहो तारीख तर बघा! पर्ल हार्बरचा दिवस आहे तो, जपानने अमेरिकेवर हल्ला केला तो. अणुबॉम्ब टाकणाऱ्या देशातलं शहर दहा वर्षांत मैत्रीचा हात पुढे करतंय आणि तुम्ही समुद्र कुठाय विचारताय. सेंट पॉलच्या कोमो पार्कात १९७९ ची जपानी बाग आहे, ती नागासाकीच्या मासामी मात्सुदांनी आखलीये. नागासाकीच्या पीस पार्कात सेंट पॉलने १९९२ ला दिलेलं शिल्प आहे, सात खंडांची सात माणसं एकमेकांत अशी गुंतलेली की कोणाचा हात कुठला ते शोधत बसावं.

खवचट_काका:
म्हणजे एक बाग नि एक पुतळा, आहेर-परतआहेर झाला 😄 ओसाका आणि सॅन फ्रान्सिस्कोचं काय झालं? १९५७ पासूनचं नातं, तिकडे कम्फर्ट विमेनचं (जपानी सैन्याने युद्धकाळात लैंगिक गुलामीत ढकललेल्या स्त्रियांचं) स्मारक सॅन फ्रान्सिस्को शहराने आपलं म्हणून स्वीकारलं, इकडे ओसाकाचे महापौर भडकले आणि २०१८ मध्ये पत्र पाठवून विषय संपवला. एवढ्यात तुटतं ते नातं कसलं?

निवांत:
काका, नुसतं फोटोपुरतं असतं तर भडकायची गरजच काय होती? आणि तोडलं ते महापौरांनी. सॅन फ्रान्सिस्कोच्या तेव्हाच्या महापौर लंडन ब्रीड यांनी तेव्हाच सुनावलं होतं की लोकांमधलं नातं एकट्या महापौराला मोडता येत नाही. सेंट पॉलमध्येसुद्धा हे काम नागरिकांची स्वयंसेवी समिती बघते.

जुनाजाणता:
समित्या आपण पण बघितल्यात 🙏 त्यापेक्षा नागासाकीने १९७८ ला नेदरलँड्समधल्या मिडलबर्गशी करार केला तो पटतो. डच ईस्ट इंडिया कंपनीचं जुनं बंदर, इकडे १६४१ पासून नागासाकीच्या देजिमा बेटावर डचांची वखार. जिथे शतकानुशतकं व्यवहार झालाय तिथेच करा ना करार.

दर्यावर्दी:
देजिमाचं उदाहरण तुम्हीच दिलंत ते बरं झालं. एवढंसं कृत्रिम बेट, एक पूल, त्यावर पहारा, आणि डचांना परवानगीशिवाय गावात पाय ठेवता येत नव्हता. दोनशे वर्षं माल इकडून तिकडे गेला, माणसं मात्र पुलापाशी अडवलेली.