पहिलं क्रॉस स्टिच (फुलीच्या टाक्याचं भरतकाम): केवढं घेतलंत, किती रंगांत? सोलापूरकरांनो, अनुभव सांगा

सुरुवात मीच करते, कारण सगळ्यात मोठा घोळ माझाच आहे.

मागच्या आषाढीला मनात आलं, विठ्ठल भरायचा. सुई कधी हातात धरली नव्हती, ते सोडा. फोटोवरून नमुना करून देणारं ॲप मोबाइलवर घेतलं. नमुना निघाला २०० बाय २५० चौकोनांचा, ६४ रंगांचा. १४ काउंटचं आयडा कापड म्हणजे इंचाला १४ फुल्या, तेव्हा सव्वाचौदा बाय अठरा इंचांचं चित्र. दिवाणखान्यात शोभेल, एवढाच विचार केला. ५०,००० फुल्या होतात, हा गुणाकार नंतर सुचला. माझा हात तासाला ८० फुल्यांचा. रोज न चुकता तासभर बसले तरी पावणेदोन वर्षं.

रंगांनी तर रडवलंच. मूर्ती काळ्या पाषाणाची, त्यामुळे ६४ पैकी १९ छटा काळ्याच्याच भाऊबंद. रात्री ट्यूबलाइटखाली कोणती कुठली, काही कळत नाही. एका रंगाच्या फुल्या मोजून ७, आणि त्यासाठी आठ मीटरची अख्खी लडी! वरून भरायला घेतलं होतं. हात कमरेवर आलेत, वीट अजून फार लांब आहे.

तर तुमचं पहिलं काम केवढं होतं, रंग किती होते, पुरं झालं का? फसलेलंही सांगा. तेच जास्त उपयोगी पडेल.
— जुळे सोलापूर

ताई, मी अगदी उलट केलं. पोपट, ४० बाय ४०, रंग पाच: हिरवा, गडद हिरवा, लाल, पिवळा, काळा. दोन्ही हिरव्यांत चांगला फरक होता, तेवढं बघून घेतलेलं. हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाता-येता भरला, तीन फेऱ्यांत संपला. चूक एकच झाली. चित्र पावणेतीन इंच, म्हणून कापड चार इंचांचं कापून घेतलं. फ्रेमवाल्यानं हातात घेतलं नि म्हणाला, याला पकडू कुठं? चारी बाजूंनी तीन-तीन इंच तरी सोडा हो. तो पोपट आता भेटकार्डावर चिकटून बसलाय.
— अशोक चौक

आमच्या वेळी आयडा-बियडा नव्हतं. शाळेत शिवणाच्या तासाला मॅटीचं कापड आणायला सांगायचे. घरोघरी दारावर ‘सुस्वागतम्’ आणि दोन्हीकडे एकेक मोर, ते सगळं मॅटीवरचं. मी पहिल्यांदा हंस भरला, दोनच रंगांत. आकार लहान होता, रंग कमी होते, तरी फसला. का, तर मॅटीचे चौकोन आडवे-उभे सारखे नव्हते. हंस बदकासारखा आडवा पसरला. सासूबाई बरीच वर्षं त्याला बदकच म्हणायच्या. तेव्हा मॅटी घेणार असाल तर दुकानातच पट्टी लावा, एक इंच आडवा मोजा, एक उभा मोजा. आकडे जुळले तरच घ्या.

आणि लाल दोरा आधी ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून बघायचा. चोचीचा लाल धुताना मानेवर उतरला, तेव्हा मला हे कळलं.
— नवी पेठ, वय ७१

आमच्या घरात तेलुगू, मराठी सांभाळून घ्या. मी सुई धरलेली नाही, नातीनं धरली. पण चौकोनाच्या कागदावर माझं आयुष्य गेलंय. चादरीच्या नक्षीचे ग्राफ काढायचो. एकेक चौकोन रंगवायचा, त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, ती कार्डं मागावरच्या जकार्ड यंत्रावर चढायची. रंग वाढला की मागावर काम वाढतं आणि मालकाचं तोंड वाकडं होतं. म्हणून दोन-तीन रंगांतच मोर उभा करायचा. त्याच्या मानेचा बाक बरोबर आला तर निळ्याच्या चार छटा लागत नाहीत.

नातीनं आणलेला मोर ४८ बाय ६० चा, रंग ११. मी म्हटलं, आण इकडं. कागद भिंतीला लावला, पाच-सहा पावलं मागं गेलो, डोळे बारीक केले. त्यात तीन निळे एकच दिसत होते. ते एक केले. दोन तपकिरी होते, एक उडवला. असं करत पाचावर आणलं. पोरगी आधी रुसली, अम्माकडं तक्रार केली. भरून झाल्यावर काही बोलली नाही, म्हणजे पसंत पडलं. ताई, तुमचा विठ्ठल पण असाच लांबून बघा. १९ काळ्यांतले तीन उरतील.
— साखर पेठ

मला इथं जरा वेगळं बोलायचंय. रंग कमी घ्या, रंग कमी घ्या, असं सगळे म्हणतात, पण माझ्या पहिल्या कामात २२ रंग होते (फुलांची परडी, ९० बाय ९०) आणि ते चार महिन्यांत झालं. कारण प्रत्येक रंग एकगठ्ठा होता. एक पाकळी सुरू केली की तीस-चाळीस फुल्या तोच दोरा. जीव जातो तो विखुरलेल्या एकट्या-दुकट्या फुल्यांनी. दर दोन टाक्यांना दोरा बदला, मागं गाठींचं जंगल. फोटोवरून काढलेल्या नमुन्यात हमखास तेच होतं. रंगांच्या यादीआधी नमुन्याचा कागद बघा. रांगोळीच्या ठिपक्यांसारखा दिसला तर परत ठेवा.
— विजापूर रोड

चाळिशी लागलेल्यांनी ११ काउंट घ्यावं. ५६ बाय ५६ चा नमुना १४ वर चार इंच होतो, ११ वर पाचाच्या जरासा वर. फुल्या तेवढ्याच, डोळ्याला आराम. फक्त दोऱ्याचे दोनाऐवजी तीन पदर घ्या, नाहीतर मधून कापड दिसतं. काळा एकच पुरे, डीएमसी कंपनीच्या दोऱ्याचा ३१० नंबर नाहीतर अँकरचा ४०३. बाकी सगळे काळे नुसते मनस्ताप. आणि मे महिन्यात दुपारी भरू नका. आपल्या उन्हात घामाचे हात पांढऱ्या कापडाला लागले की बघायला नको.
— सात रस्ता

मुलाला सुट्टीत मोबाइलपासून लांब ठेवायचं म्हणून बसवला आणि मीच अडकलो. त्याला सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेतली काठी हवी होती, नंदीध्वज. नमुना कुठं मिळणार? गणिताच्या वहीत दोघांनी काढला, २० बाय ६० चा. बाप म्हणून मी मनात खूश, की काठी धरणाऱ्याची बाराबंदी पांढरी, कापड पांढरं, म्हणजे तेवढा भाग भरायलाच नको. भरून बघतो तर डोकं आणि पाय हवेत तरंगतायत, मधला माणूस गायब! मग राखाडीच्या एका पदरानं कडेनं धावता टाका घातला, तर बाराबंदी तुटक-तुटक दिसायला लागली. शेजारच्या काकूंनी ते उसवायला लावून बॅकस्टिच, म्हणजे सलग रेघ दिसणारा उलटा टाका, शिकवली. आता माणूस दिसतो. चार रंग आणि हा राखाडी. मुलगा दहा वर्षांचा आहे, त्याच्या फुल्या काही इकडं झुकलेल्या, काही तिकडं, कारण वरचा टाका प्रत्येक वेळी एकाच दिशेला हवा हे आम्हाला अर्ध्यात कळलं. त्या तशाच ठेवल्यात.
— रेल्वे लाइन्स

सगळ्यांचे आभार. साखर पेठेतल्या काकांचं ऐकून काल नमुना कपाटाला लावला आणि सोफ्यावरून बघितला. खरंच, काळे तीनच दिसतात, त्यातला एक बहुतेक माझ्या चष्म्याचा. मोठा विठ्ठल तूर्तास गुंडाळून कपाटात ठेवलाय. नवीन घेतलंय ते नुसतं गंध आणि तुळशीची माळ, ४५ बाय ४५, पाच रंग. कापड नऊ इंचांचं कापलं, अशोक चौकवाल्यांना धन्यवाद. या वेळी कापड चौघडी करून मधोमध खूण केली आणि तिथनं सुरुवात केली. दोन दिवसांत गंध झालंसुद्धा.

काळ्याच्या १६ लड्या जादा पडल्यात. कुणाला हव्या असतील तर सांगा, कोणती कुठली ते मात्र विचारू नका.
— जुळे सोलापूर