इन्कॉग्निटोत सगळं चालतं, टॉर ब्राउझरमध्येच का गंडतं?

रात्रपाळी_डेव्ह
मंडळी, वेब अ‍ॅप नेहमी क्रोमच्या इन्कॉग्निटोत टेस्ट करतो, कोरं सेशन मिळतं, जुन्या कुकीजची कटकट नाही. आता क्लायंट म्हणतोय टॉर ब्राउझरवाल्या युजरना ऑफलाइन मोड चालत नाही, चार्ट इमेज म्हणून सेव्ह केला तर भलतंच काहीतरी येतं आणि मधेच लॉगआउट होतं. दोन्ही प्रायव्हेटच ना, मग एवढा फरक का?

अर्धविराम
प्रायव्हेट दोन्ही, पण कोणापासून ते बघ. इन्कॉग्निटो फक्त तुझ्या मशिनवर हिस्टरी-कुकीज ठेवत नाही, साइटला तुझा आयपी, टाइमझोन, स्क्रीन साइज सगळं जसंच्या तसं दिसतं. टॉरमध्ये रिक्वेस्ट तीन रिलेंमधून, म्हणजे मधल्या सर्व्हरांमधून, जाते आणि वर ब्राउझर सगळ्या युजरना शक्य तितकं एकसारखं दाखवायला बघतो, म्हणजे टाइमझोन यूटीसी, विंडोची साइज ठरावीक टप्प्यांत, कॅनव्हासमधून (पानावर जावास्क्रिप्टने चित्र काढायची जागा) पिक्सेल वाचायला गेलास तर खरा डेटा देत नाही. तुझा चार्ट तिथेच मरतोय, एसव्हीजीत (पिक्सेलऐवजी आकारांचं वर्णन ठेवणारा इमेज फॉरमॅट) एक्स्पोर्ट कर. आणि टॉर ब्राउझर कायम प्रायव्हेट मोडमध्येच चालतो, तिथे सर्व्हिस वर्कर (ऑफलाइन मोड चालवणारी पार्श्वभूमीतली स्क्रिप्ट) मिळत नाही, त्यामुळे ऑफलाइन मोड विसर, फक्त त्याचं रजिस्ट्रेशन फेल झालं म्हणून अख्खं अ‍ॅप झोपायला नको. लॉगआउटचं म्हणशील तर सेशन आयपीला बांधलंय का बघ, एक्झिट, म्हणजे साइटला दिसणारा शेवटचा रिले, बदलला की आयपी बदलतो.

टॅब_बंद_कर
इन्कॉग्निटोवरही फार भरवसा नको हां. क्रोममध्ये इन्कॉग्निटोच्या सगळ्या विंडोंचं सेशन एकच असतं, त्यामुळे दोन विंडोत दोन युजर लॉगिन करून टेस्ट करता येत नाही, लोक तासन्‌तास डोकं खाजवतात. सफारीत मात्र प्रत्येक प्रायव्हेट टॅब वेगळा. शिवाय क्रोम इन्कॉग्निटोत थर्ड पार्टी कुकीज (पानात बसवलेल्या दुसऱ्या साइटच्या) मुळातच ब्लॉक करतो, आयफ्रेममधलं (पानात बसवलेलं दुसरं पान) लॉगिन फुटलं तर आधी तिकडे बघ.

रात्रपाळी_डेव्ह
सेशन खरंच आयपीला बांधलेलं होतं 🙏 पण टॉरमध्ये लोकलहोस्ट (माझ्याच मशिनवर चालणारं अ‍ॅप) उघडतच नाहीये, मग टेस्ट कसं करू?

अर्धविराम
नाहीच उघडणार, रिक्वेस्ट टॉरकडे जाते आणि टॉर असले अंतर्गत पत्ते नाकारतं. स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, टाक, पण तिथे आयपी व्हाइटलिस्ट (ठरावीक आयपींनाच प्रवेश) असेल तर परत अडकशील, पासवर्ड लाव त्यापेक्षा. नुसतं कॅनव्हास-विंडो साइजचं बघायचं असेल तर मुलवाड ब्राउझर घे, टॉर प्रोजेक्टनेच बनवलाय 2023 मध्ये, फिंगरप्रिंटिंगचा (ब्राउझरच्या खुणांवरून युजर ओळखण्याचा) बंदोबस्त जवळपास तोच पण टॉर नेटवर्क नाही, त्यामुळे लोकलहोस्ट चालतं.

टॅब_बंद_कर
आणि टॉरमध्ये सिक्युरिटी लेव्हल 'सेफेस्ट' करून एकदा तरी उघड. जावास्क्रिप्ट पूर्ण बंद होते. रिअ‍ॅक्टवाल्यांची (पान जावास्क्रिप्टनेच उभं करणारी लायब्ररी) बहुतेक पानं तिथे पांढरीफटक दिसतात, निदान लॉगिनचा फॉर्म तरी सर्व्हरवरून येऊ दे. फायरवॉलचे नियमही तपास, एक्झिट रिलेंची यादी जाहीर असते, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी ती सरसकट ब्लॉक केलेली असते आणि डेव्ह टीमला पत्ताच नसतो.