मोठा शिशू : आठवड्यात किती अक्षरं घ्यावीत?

प्रश्न : पाच वर्षांची मुलं आहेत. रोज एक अक्षर घेतलं की शुक्रवारी म-भ मध्ये गोंधळ होतो. ३ आणि ६ उलटे काढतात. काय बदलू?

सुमेधा : ताई, आठवड्याला दोनच अक्षरं. ग, म घ्या; मग न, भ नंतर. आधी दोन दिवस पाटी नकोच. मका, मणी, मगर म्हणत पहिला आवाज ओळखू द्या, मग रव्याच्या ताटात बोटाने गिरवणं. थर पातळ हवा, जाड थरात रेघ बुजते.

वर्षा_बालवाडी : ३ चं पोट उजवीकडे, ६ चं डावीकडे. दोन्ही एकाच दिवशी अजिबात नकोत. मोजताना तोंड पुढे पळतं, बोट मागे राहतं. म्हणून एकेक चिंचोका वाटीत टाकायला लावा. "एकूण किती?" विचारल्यावर मूल पुन्हा पहिल्यापासून मोजू लागलं, तर ५ च्या पुढे जाऊ नका.

सुमेधा : आणि शुक्रवारी नवीन काहीच नको, फक्त उजळणी.